बाही किती ठेवू वं?

मावशींच्या भाच्याचं लग्न वैशाखात आहे, आणि त्या लग्नाचा सगळा कारभार सध्या आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर चालतो. भिंत छातीएवढी. अलीकडे मी, पलीकडे मावशी, त्यांच्या मागं दोरीवर कपडे टाकणारी सून, आणि तिसऱ्या घरातून मशीन सोडून आलेली टेलरताई. आचारी ठरला, कार्यालय ठरलं, पत्रिका छापायला गेल्या. अडलंय ते सुनेच्या साडीवर.

तुम्हाला म्हणून सांगते, कोणाजवळ बोलू नका. सुनेनं मोबाइलवर ऑर्गेन्झाची साडी मागवली. मोबाइलमधली पोरगी उंच, सडपातळ, तिच्या अंगावर साडी कशी तरंगत होती! साडी इकडे आमच्या गावी, कारंज्याला आली, सुनेनं नेसून पाहिली, आणि मावशी काही बोलल्याच नाहीत. मावशी बोलल्या नाहीत म्हणजे काय ते समजून घ्या. सून रडकुंडीला आली. मग मावशींच्या तोंडून निघालंच, "बाप्पा! हे तं फुगलीच!"

टेलरताई भिंतीवरून हात घालून पदर चिमटीत धरून पाहत होती. ती म्हणाली, "साडी वाईट नाही वं. पन थे अंगावर पडत नाही, आपल्या जोरावर उभी रायते. ज्याच्या अंगावर मास नाही त्याले भरून दाखवते. तुले कायले पायजे आनखी भरून?"

या एका वाक्यात तिनं जे सांगितलं ते आम्हाला दुकानात कोणी कधी सांगत नाही. दुकानदार रंग दाखवतो, काठ दाखवतो, भाव दाखवतो. कापड पडतं कसं, हे कोणी दाखवत नाही. जॉर्जेट, शिफॉन, क्रेप ही कापडं पडणारी. त्यांच्या निऱ्या पायाशी गपगुमान बसतात. ऑर्गेन्झा, टिश्यू, कडक खळ दिलेलं सुती ही उभी राहणारी. काटकुळ्या, उंच बाईनं उभं राहणारं कापड घ्यावं. तिला त्यानं बाळसं येतं. ठेंगण्या, भरल्या अंगाच्या बाईनं पडणारं घ्यावं. बस, निम्मं काम इथंच झालं. ती ऑर्गेन्झा आता सुनेच्या नणंदेकडे जायची आहे. नणंद उंच आहे, काडीसारखी आहे, तिला ती शोभेल. नणंदेला साडी देताना सुनेचा जीव किती तुटतोय ते मी पाहिलं आहे, पण तो वेगळा विषय.

आता सून कशी आहे? ठेंगणी, खांदे निमुळते, कमरेखाली भरलेली, आणि दुसऱ्या बाळंतपणानंतर पोटही थोडं राहिलेलं. म्हणजे आपल्यातल्या निम्म्या बायका असतात तशी. पण ती सारखी म्हणते, "काकू, मी आधी अशी नव्हते." लग्नाआधीच्या कुर्त्या तिनं कपाटात घडी घालून ठेवल्या आहेत, बारीक झाल्यावर घालायला. मला विचाराल तर त्या कुर्त्या तिचा रोज सकाळी अपमान करतात. कपाट उघडलं की समोर त्या. टेलरताईचं म्हणणं रोखठोक: "बारीक होशीन तवा नव्या शिवू, शिलाई कमी घेतो. आज जे आंग हाय त्याले आज कापड पायजे."

आणि कापड शिवताना आत माया सोडावी, हे तिचं दुसरं म्हणणं. रेडीमेडमध्ये शिवण उसवून पाहा, आत बोटभरही कापड नसतं, इंटरलॉक मारून मोकळे. शिवून घेतलेल्या ब्लाऊजला दोन्ही कडांना इंचभर माया असली की बाईचं अंग कमी-जास्त झालं तरी ब्लाऊज तिच्याबरोबर चालतो. मावशींच्या लग्नातला ब्लाऊज असा उसवत उसवत त्यांनी कितीतरी वर्षं घातला, कडांना उसवल्याच्या रेघा अजून दिसतात. त्या रेघा मोजून मावशींचा जन्म सांगता येईल.

रेडीमेडवरून आठवलं. सुनेकडे एका कंपनीची एक्सेल कुर्ती आहे, ती दंडात घट्ट. दुसऱ्या कंपनीची लार्ज आहे, ती झग्यासारखी. ती मला विचारते, "काकू, मी नक्की लार्ज की एक्सेल?" मी काय सांगणार? एक्सेल म्हणजे किती, हे त्या त्या कंपनीलाच ठाऊक. आपल्याकडची रेडीमेडची मापं बरीचशी परदेशी तक्त्यांवरून उचललेली, आणि विलायतेतल्या बाईचे खांदे, कंबर, हात आपल्यासारखे असतील कशाला? म्हणून तर नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ फॅशन टेक्नॉलॉजीनं ‘इंडियासाइज’ नावाचं काम हाती घेतलं. सहा शहरांत १५ ते ६५ वयाच्या २५ हजार लोकांची अंगं थ्रीडी स्कॅनरनं मोजायची, आणि त्यावरून भारतीय मापांचा तक्ता करायचा, असा तो बेत. मुंबई त्या शहरांत आहे. कारंजा नाही.

"मंग आपलं माप कोन घेईन?" मावशींनी विचारलं.

"मी हाव ना," टेलरताई म्हणाली, आणि गळ्यातला टेप काढून तिनं भिंतीवर ठेवला.

तेव्हापासून सुनेच्या मोबाइलमध्ये आकडे लिहिलेले आहेत: छाती, कंबर, सीट, मुंढा, दंडाचा घेर, खांदा, सगळं इंचात. ऑनलाइन काही घ्यायचं तर कपड्याखाली इंचांचा तक्ता दिलेला असतो तो उघडायचा आणि आपले आकडे त्यात शोधायचे. लार्ज, एक्सेलकडे पाहायचंच नाही. आपल्याला मापात बसणारा एखादा जुना कुर्ता जमिनीवर पसरून मोजला तरी चालतं. उलट तेच बरं, अंगावर टेप लावला की माणूस श्वास आत ओढतो आणि माप खोटं येतं. हे मी माझ्या नवऱ्याच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

नवऱ्याचा विषय निघालाच आहे तर उरकून टाकते. आमच्याकडची पुरुषमंडळी पोट सुटलं की पँट पोटाखाली घालतात, वर बेल्ट आवळतात आणि शर्ट इन करतात. मग पोट बेल्टवरून बाहेर डोकावतं आणि पाय आखूड दिसतात. टेलरताई बायकांचंच शिवते, पण तिचा बाप पुरुषांचे कपडे शिवायचा, आणि त्याचा नियम असा होता की पँटला आसन लांब ठेवायचं, म्हणजे पँट बेंबीशी राहते आणि पोट आतच जातं. नाहीतर सरळ कुल्ल्यापर्यंत येणारा आखूड कुर्ता घालावा, इनच करू नये. मावशींच्या यजमानांना हे सांगितलं तर ते म्हणाले, त्यांचा जुना सफारी अजून होतो. होतो, हे खरं. बटणं लागत नाहीत, पण होतो.

बरं, ब्लाऊज. ब्लाऊजवर मी थोडी जास्त बोलणार आहे, कारण साडीचं काय, ती सगळ्या बायांना एकाच मापाची येते. साडेपाच मीटर नेसा आणि मोकळ्या व्हा. बाई नीट दिसते की नाही ते ब्लाऊज ठरवतो, आणि त्याच्यावर आपण सगळ्यात कमी विचार करतो.

पहिली गोष्ट मुंढा. आपण सगळ्या टेलरला सांगतो, "मुंढा सैल ठेव गं, हात वर करता आला पाहिजे." टेलरताई म्हणते, इथंच सगळं बिघडतं. मुंढा सैल केला म्हणजे तो काखेतून खाली कमरेकडे सरकतो, आणि मग हात वर केला की बाहीसोबत अख्खा ब्लाऊज वर ओढला जातो. मुंढा काखेच्या जवळ, नेमका बसला तर हात वर गेला तरी बाहीच हलते, ब्लाऊज जागेवर राहतो. मी शाळेत शिकवते, फळ्यावर वरची ओळ लिहायला रोज हात वर जातो, तेव्हा हे तिनं माझ्याच ब्लाऊजवर दाखवून दिलं. सैल हवा असेल तर दंडाचा घेर सैल ठेवावा, मुंढा नाही.

दुसरी गोष्ट बाही. शिवायला कापड टाकलं की टेलरताईचा पहिला प्रश्न ठरलेला: बाही किती ठेवू वं? आणि आपण उत्तर देतो, "ठेव ना, नेहमीसारखी." नेहमीसारखी म्हणजे दंडाच्या अर्ध्यावर. बाही जिथं संपते तिथं बघणाऱ्याची नजर थांबते. ती जर दंडाच्या सगळ्यात जाड जागी संपली, तर आपणच दंडावर बोट ठेवून दाखवल्यासारखं होतं. ज्यांचा दंड जाड आहे त्यांनी बाही कोपरापर्यंत न्यावी, कोपराच्या जरा खालीसुद्धा चालेल. ज्यांचा दंड बारीक त्यांनी आखूड, फुगा, बिनबाही, काय वाटेल ते करावं, त्यांच्या भाग्याचा हेवा करणारे आम्ही आहोतच. सुनेचे खांदे निमुळते, म्हणून तिला टेलरताईनं गळा जरा रुंद सांगितला. वर रुंदी आली की खालची रुंदी आपोआप कमी वाटते.

गळ्याचं आणि दागिन्याचं भांडण तर घराघरात आहे. मावशींची मान आखूड, आणि त्यांना ठुशी घालायची असते. मान आखूड, गळा बोटनेक, त्यावर ठुशी! मान गेली कुठं? अशा बाईनं गळा खोल किंवा व्ही आकाराचा घ्यावा आणि लांब माळ घालावी, मंगळसूत्रसुद्धा लांबच. ठुशी लांब मानेच्या बाईची. मावशींना हे मी कधी बोलले नाही, टेलरताई बोलली. मावशींनी तिला दोन दिवस चहा विचारला नाही, आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "लांब माय कोनती चांगली दिसन वं?"

मावशींची उंची मात्र झकास. त्या वयाच्या बायका वाकतात, मावशी ताठ. त्यांच्याकडे करवतकाठी आहे, टसरची, नागपूरहून आणलेली. भंडाऱ्याकडच्या गावांत विणतात ती. काठाला करवतीचे दात असतात, आणि तो काठ तीन धोटे चालवून विणतात, म्हणून त्याच्या दातांची कड इतकी स्वच्छ येते. करवतकाठीला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. रुंद काठाची ती साडी मावशी नेसल्या की वाड्यातल्या जुन्या बाईसाहेबांसारख्या दिसतात. त्यांच्या मनात होतं की लग्नात तीच सुनेनं नेसावी.

मी आणि टेलरताई एकमेकींकडे पाहत राहिलो. ठेंगण्या बाईला रुंद काठ म्हणजे पायाशी एक आडवी रेघ, कमरेशी दुसरी, त्यात ब्लाऊज वेगळ्या रंगाचा असला की तिसरी. आधीच कमी असलेल्या उंचीचे तीन तुकडे! पण सासूनं प्रेमानं दिलेली साडी, नको कसं म्हणायचं? तेव्हा तोडगा निघाला तो असा की मावशींच्या पेटीत दुसरी एक करवतकाठी निघाली, अरुंद काठाची, त्यांच्या आईची, नेसून नेसून मऊ झालेली. टसर नवं असताना थोडं ताठ असतं, वापरून ते अंगाला जुळतं. ब्लाऊज त्याच रंगाचा, बाही कोपरापर्यंत, निऱ्या बारीक, पदर गुडघ्याच्या खाली जाईल इतका लांब सोडायचा. मानेपासून पायापर्यंत एक रंग, एक सरळ रेघ. सुनेनं नेसून दाखवली, आणि मावशी म्हणाल्या, "पाय, कशी पोट्टी दिसून रायली!"

समोरच्या जैन काकू मात्र रेशीम अजिबात नेसत नाहीत. किडा उकळून काढलेला धागा त्यांच्या घरात चालत नाही. कारंज्यात तीन जुनी दिगंबर मंदिरं आहेत, महावीर ब्रह्मचर्याश्रम १९१८ पासून आहे, तेव्हा रेशीम न नेसणाऱ्या बायका आमच्या गावात बऱ्याच. कोणाला वाटेल, मग लग्नाकार्यात या बिचाऱ्या काय करत असतील? अहो, कारंज्यात साडी नेसावी ती या काकूंनी. पोट त्यांनाही आहे. पण त्या परकर कळ्यांचा घेतात, चुण्यांचा नाही. चुण्यांच्या परकरानं कमरेवर आणखी एक वळकटी चढते. परकराची नाडी पुढं न बांधता बाजूला बांधतात, म्हणजे पोटावर गाठीचा उंचवटा येत नाही. परकर बेंबीशी, खाली नाही. आणि पदर पिनेनं आवळून घड्या न घालता एकपदरी मोकळा सोडतात, तो पोटावरून तिरपा जातो. सुती साडी, पातळ, बारीक काठाची. बस. दागिना एक. लग्नात सगळ्या जणी घामाघूम झालेल्या असतात आणि काकू पंख्याशिवाय बसलेल्या असतात.

घामाचं नाव काढलं, तर वैशाखातलं आमच्याकडचं ऊन कोणी विसरू नये. पारा ४४-४५ ला जातो, मुहूर्त भर दुपारचा, कार्यालयावर पत्रे. अशा दुपारी अंगावर पॉलिस्टर! मी विज्ञान शिकवते म्हणून माझ्या तोंडून आकडा निघतोच: सुती धागा हवेतला ओलावा आपल्या वजनाच्या साडेआठ टक्क्यांपर्यंत धरून ठेवतो, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. घाम आला की सुती कापड तो पितं, पॉलिस्टर तो तुमच्या अंगावरच ठेवतं. मग ती साडी कितीही छान पडू देत, तिच्यातली बाई तासाभरात पिळून निघालेली असते, आणि चिडलेल्या चेहऱ्याला कोणताच रंग शोभत नाही.

यात गंमत पाहा. कारंजा कापसाचं गाव. आमच्या कापसासाठी इंग्रजांच्या काळात शकुंतला रेल्वे आली, मूर्तिजापूरहून कारंज्यावरून यवतमाळला जायची. चहूबाजूंच्या शेतांत अजून कापूस. आणि बाजारात जा, सुरतेहून आलेलं पॉलिस्टर दुकानांच्या दारापर्यंत लटकलेलं. सुती मागितलं तर पोरगा आतून एक गठ्ठा काढून आणतो आणि भाव असा सांगतो की आपणच त्याची माफी मागून बाहेर पडावं. मला हे पटत नाही, आणि मी दुकानात तसं बोलून दाखवते. घरचे लोक मग माझ्यापासून चार पावलं दूर उभे राहतात.

शेतात कापूस वेचायला जाणाऱ्या बायांना मात्र कोणी फॅशन शिकवायला नको. दिवाळीच्या पुढं-मागं दारव्ह्याच्या रस्त्यानं जा, वावरात बघा. साडीवरून नवऱ्याचा किंवा पोराचा पूर्ण बाहीचा शर्ट, बटणं लावलेली, कमरेला बांधलेलं फडकं, त्यात वेचलेला कापूस, डोक्याला रुमाल. बोंडाची टोकं दंडाला लागत नाहीत, ऊन लागत नाही, हात मोकळे. सगळ्यात नेमका पोशाख कोणता म्हणाल तर मी तोच सांगेन. फोटोत कसं दिसतं हा प्रश्नच नाही. दिवसभर काय करायचं आहे, हा प्रश्न आहे.

आणि आपण तोच प्रश्न विचारत नाही. सुनेचं बघा. सकाळी स्कूटीवरून पोरगं शाळेत सोडायचं, मग बँकेत दिवसभर खुर्चीवर, संध्याकाळी भाजी, रात्री ओट्याशी. आठवड्यातले सहा दिवस हे, आणि कपाट भरलंय ते लग्नाच्या साड्यांनी आणि लांब घेराच्या अनारकल्यांनी. अनारकलीचा घेर आणि लांब ओढणी स्कूटीच्या चाकाशी खेळतात, जीव घेणारा खेळ आहे तो. टेलरताईनं तिला चार कुर्ते शिवून दिले: सुती, गुडघ्याच्या थोडे खाली, बाजूला लांब चिरा म्हणजे स्कूटीवर पाय मोकळा, बाही कोपरापर्यंत, खाली सरळ पँट. आणि दोन्ही बाजूंना खिसे! खरे खिसे, मोबाइल मावणारे. सून आता बँकेत उभ्या उभ्या हात खिशात घालून बोलते, आणि तिच्या चालण्यात जो फरक पडलाय तो काही कापडाचा नाही.

लेगिंग तिनं सोडलं नाही, आणि सोडू नये. पण कुर्ता आखूड असला की लेगिंग नको, एवढं मान्य केलं. आणि गुरुमंदिरात सप्ताहाला बसायचं असेल तेव्हा तर नकोच. दत्तजयंतीच्या आधी गुरुचरित्राचा सप्ताह असतो, मांडी घालून तासन् तास बसावं लागतं. घट्ट कापडानं गुडघ्यामागं असं आवळतं की अध्यायाऐवजी पायाकडेच लक्ष. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान आमचं गाव, गावोगावचे लोक येतात. बाहेरून येणाऱ्या बायकांना माझा एकच निरोप: सैल, सुती, आणि वाकल्यावर मागून वर न जाणारं काहीतरी घालून या. बाकी महाराज बघतील.

मावशींना असल्या ‘सोयीच्या’ कपड्यांचा सुरुवातीला राग. "आम्ही लुगडं नेसून विहिरीत उतरलो, झाडावर चढलो," म्हणतात. खरंच आहे. काष्ट्याचं नऊवारी म्हणजे साडीसारखी दिसणारी विजारच ती. पण काष्ट्याचं लुगडंसुद्धा सगळीकडे चाललं नाही, हे मी त्यांना सांगितलं. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला डॉक्टर व्हायला गेल्या. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात. आमच्याकडच्या उन्हात ठीक, तिकडच्या बर्फात कसं व्हायचं? त्यांनी गुजराती पद्धतीनं साडी नेसायला सुरुवात केली, पाय झाकले जातील अशी. साडी सोडली नाही, नेसण बदललं. १८८५ चा त्यांचा एक फोटो प्रसिद्ध आहे, एक जपानची, एक सीरियाची आणि एक आपली, तिघी वैद्यकीच्या विद्यार्थिनी, आपापल्या देशाच्या कपड्यांत. पुढच्या वर्षी, १८८६ मध्ये, आनंदीबाई डॉक्टर झाल्या.

"अठरा-एकोनीस वर्षांची पोट्टी," मावशी हळहळल्या, "अन् थंडीत एकटी." थोडं थांबून म्हणाल्या, "बरं केलं तिनं."

त्याच दिवशी मी त्यांना भानू अथय्यांचीही गोष्ट सांगितली. कोल्हापूरच्या. ‘गांधी’ सिनेमाच्या कपड्यांसाठी १९८३ मध्ये त्यांना ऑस्कर मिळालं, भारतातलं पहिलं. पण मावशींना ऑस्करमध्ये रस नव्हता. त्यांना १९६८ च्या ‘ब्रह्मचारी’तली मुमताजची नारिंगी साडी आठवत होती. ती साडी भानूताईंनी मुमताजसाठी आधीच शिवून घेतली होती, एवढ्या नाचात निऱ्या सुटू नयेत म्हणून. आता शिवलेल्या नऊवाऱ्या बाजारात मिळतात, दोन मिनिटांत अंगावर चढतात, तेव्हा मावशी नाक मुरडतात. "हे काय नेसनं हाय? हा तं पायजमा." मुमताजची साडीही शिवलेलीच होती म्हटल्यावर मात्र त्या गप्प बसल्या. मुमताज त्यांची लाडकी.

आता राहिल्या मावशी स्वतः. सगळ्यांचं ठरलं, त्यांचं काय? तर परवा टेलरताई एकटी असताना त्यांनी तिला भिंतीजवळ बोलावलं आणि हळूच विचारलं की या वयात गुलाबी चालतो का. टेलरताईनं हे मला सांगितलं, मी तुम्हाला सांगते आहे, तिसऱ्या कानाला जाऊ देऊ नका. गुलाबी चालतो. मावशींचा रंग सावळा, त्यावर फिकट बेबी पिंक उतरतं, राणी कलर खुलतो. एवढंच बघायचं: कापड गळ्याशी धरून उन्हात आरशासमोर उभं राहायचं, ट्यूबलाइटखाली नाही. चेहरा उजळला तर तो रंग आपला. बाकी वयाचं म्हणाल तर साठीनंतर पांढुरकं, करडं नेसायचं हा नियम कोणी केला, त्याला कोणी तरी शोधून आणा, मावशींना त्याच्याशी बोलायचं आहे.

तर मावशी राणी कलरची मऊ सुती साडी घेणार, करवतकाठीच्या चालीचा काठ असलेली. ब्लाऊजला गळा व्ही, माळ लांब. ठुशी सुनेला. सुनेची मान लांब आहे, हे एवढ्या दिवसांत कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. ती स्वतःही पोटाकडेच बघत होती.

शेवटचं, टेलरताईचा निरोप आहे तो पोचवते. हनुमान जयंतीनंतर ती लग्नाचे नवे ब्लाऊज हातात घेणार नाही, कितीही ओळख काढा. येताना अस्तर आधीच भिजवून, वाळवून आणा, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आक्रसतं आणि वरच्या कापडाला ओढतं. सोबत नीट बसणारा एक जुना ब्लाऊज आणा. आणि बाही किती ठेवायची, ते घरूनच ठरवून या. तिला दारात पंधरा मिनिटं वाद घालायला आता वेळ नाही.